वाळू दे मेलं

सासूबाईंच्या तोंडी ‘मेलं’ हा शब्द असा बसला होता की त्यांचं मांजर मेलं, कुकर मेला, आणि फार लाडात आल्या तर धडधाकट नवराही मेला. अंगणातल्या जुन्या टबात चिखल करून वाढवलेलं गुलाबी फुलांचं झाड तर जन्मापासूनच ‘मेलं’. त्याचं खरं नाव विचारायची कोणाला गरजच पडली नाही. कालव्याकाठची पाणथळ जागा बुजवून बसडेपो झाला, तेव्हा गुडघाभर चिखलात उतरून त्यांनी त्याचा हा एकच गड्डा वाचवला होता. आता तसा दुसरा कुठे उरला नव्हता.

सून घरात आली ती फुलांच्या दिवसांत. टबाभोवती मधमाश्यांची नुसती झुंबड! पुढे थंडीच्या तोंडावर सासूबाई खुब्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्या, आणि झाड सुनेच्या गळ्यात पडलं.

“कसं आहे मेलं?” त्यांनी फोनवर विचारलं.

“वाळलं हो, आई. नुसत्या काड्या राहिल्यात.”

“वाळू दे मेलं,” सासूबाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात नणंदेने औषधाची वेळ झाली म्हणून फोन काढून घेतला.

सून शहाणी. त्याच दिवशी तिने पाणी बंद केलं.

दीड महिन्याने पुन्हा फोन आला. “पाणी रोज घालतेस ना गं? काड्या वाळतात, पण मूळ वाळू द्यायचं नाही. आठ दिवस कोरडं राहिलं की खेळ खलास.”

“हो, घालते ना,” ती बोलून गेली, आणि फोन ठेवून अंगणात धावली.

टबातली माती भेगाळून दगड झाली होती. तिने बादल्यांवर बादल्या ओतल्या. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावताना तिला टबच दिसायचा. उन्हं तापली, शेजारच्या कुंड्या हिरव्या झाल्या. टबात नुसता चिखल.

सासूबाई वॉकर टेकत आल्या त्या थेट टबाकडे. कडेने बोट खुपसलं, थोडा वेळ तसंच ठेवलं. “उशिरा उठतं मेलं,” एवढंच म्हणाल्या. मग रोज सकाळी त्या टबाशी खुर्ची टाकून बसू लागल्या. वॉकरची टकटक ऐकली की सुनेच्या हातून काहीतरी निसटायचं. दोन कप फुटले. नवऱ्याने थट्टा केली तर ती त्याच्यावर खेकसली.

अकराव्या दिवशी तिला राहवेना. खुर्चीशेजारी उकिडवी बसत ती म्हणाली, “आई, मी खोटं बोलले. दीड महिना पाणी घातलं नव्हतं. तुम्ही ‘वाळू दे’ म्हणालात ना, म्हणून...”

“माहीत आहे. वर चिखल असला तरी खाली मातीने टबाची कड सोडली होती; पुरती वाळल्याशिवाय ती सुटत नाही. पहिल्याच दिवशी बोटाला लागलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हणून बसत होते इथे.”

त्यांनी भाजीची सुरी मागितली. चिखल उकरून गड्डा वर काढला आणि मुळाला चिमटीत धरून दाबलं. ते आतून पोकळ होतं, भुगा होऊन बोटांवर राहिलं. एक मधमाशी ओल्या मातीवर उतरली, जराशी चालली आणि उडून गेली.

“मेलं,” सासूबाई म्हणाल्या. सुनेने हा शब्द त्यांच्या तोंडून हजारदा ऐकला होता. आज त्यात ना राग होता, ना लाड.