चंद्रभानचं बोट

बाटली करंगळीएवढी. तिच्यावरचं लेबल एका कोपऱ्यातून सुटून वर आलेलं, आणि 'सँग्विनारिया' या नावाचा मागचा अर्धा भाग औषधाच्या ओघळाने पुसून गेलेला — उरलं होतं नुसतं 'सँग्वि', आणि वैजीनाथ सर ती बाटली खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ नुसते बघत उभे होते. सर सेलूच्या एका शाळेत इतिहास शिकवतात आणि संध्याकाळी ओसरीवर बसून होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या फुकट वाटतात. त्यांच्या गोळ्यांनी गावात कुणी बरं झाल्याचं ऐकिवात नाही, आणि कुणी बिघडल्याचंही नाही. उजव्या बाजूने डोकं दुखलं तर सँग्विनारिया. आज पहाटेपासून सरांचं डोकं उजव्या बाजूने दुखत होतं. त्यांनी चार गोळ्या जिभेखाली ठेवल्या, आणि थोड्या वेळाने डोकं डाव्या बाजूनेही दुखू लागलं.

या नावाच्या पोटात रक्त आहे, हे सरांना ठाऊक होतं. शाळेच्या रद्दीत एकदा लॅटिनचा एक जाडजूड कोश निघाला होता, मागचा पुठ्ठा वाळवीने खाल्लेला. तो त्यांनी घरी आणला होता. सँग्विस म्हणजे रक्त. पण त्या लोकांकडे रक्ताला शब्द दोन — अंगाच्या आत गुमान वाहतं ते सँग्विस, आणि बाहेर सांडलं की ते क्रूओर. हे वाचलं त्या दिवशी सरांना फार बरं वाटलं होतं. कुणीतरी, दोन हजार वर्षांपूर्वी का होईना, आपली अडचण समजून घेतली होती. मी रक्ताला भितो असं बायको म्हणते ते खोटं आहे. आतल्या रक्ताबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती... ते दुसरं, सुईच्या टोकावर येऊन फुगतं ते, कोंबडीच्या दुकानासमोरच्या नालीत असतं ते, त्याच्याशी फक्त आपलं जमत नाही.

कोशात पुढे आणखी अर्थ होते. कूळ, वंश, पोटचं लेकरू. जोम, ताकद. आणि जुन्या वैद्यांच्या मते ज्याच्या अंगात रक्ताचा जोर जास्त, तो माणूस आनंदी, उद्यावर भरवसा ठेवणारा. हे शेवटचं सरांनी दोनदा वाचलं होतं आणि मग आरशात बघितलं होतं. आरशात चिंच खाल्ल्यासारखा चेहरा. पण त्यालाही उत्तर होतं — आपला ग्रुपच ओ निगेटिव्ह. निगेटिव्ह रक्ताचा माणूस हसणार तरी किती. हे उत्तर त्यांनी इतक्या जणांना दिलं होतं की तो ग्रुप आपला नाही, हे ते वर्षातले तीनशे दिवस विसरलेले असत.

तो ग्रुप चंद्रभानचा होता. चंद्रभान शाळेचा शिपाई. सत्तावीस वर्षांपूर्वी सर नवीन लागले, ओळखपत्रासाठी सगळ्या शिक्षक-शिपायांचा रक्तगट तपासायला एक माणूस आला, आणि सर रांगेत उभ्या उभ्याच घामाने भिजले. दारात उभ्या चंद्रभानने ते बघितलं. पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने तो पुढे आला, म्हणाला, सर, तुमी मुतारीकडं जाऊन या. सर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या नावाची चिठ्ठी तयार होती, आणि चंद्रभानच्या दोन बोटांना कापूस लावलेला होता — एक स्वतःसाठी, एक सरांसाठी. शिक्षकाचं आणि शिपायाचं एकच दुर्मीळ रक्त निघालं याचं शाळेत केवढं कौतुक झालं. चंद्रभानने त्यावर एक अक्षर काढलं नाही.

आणि पुढे त्या रक्ताने सरांना सांभाळलं, हे कबूल करायला हवं. दरवर्षी संस्थापकांच्या पुण्यतिथीला शाळेत रक्तदान शिबिर, दरवर्षी सगळे शिक्षक खाटेवर, आणि दरवर्षी मुख्याध्यापक दिनकरराव स्वतःच म्हणायचे की वैजीनाथ सरांचा ग्रुप राखून ठेवा, असलं रक्त वेळेला लागतं. सर राखीव राहिले. वेळ आली की त्यांची दाढ दुखायची, ताप यायचा. एकदा तर त्यांनी कावीळ सांगितली होती आणि महिनाभर चारचौघांत तेलकट खाता आलं नव्हतं.

हे सगळं नीट चाललं होतं. मग दोन वर्षांपूर्वी लेक निकिता परभणीला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला गेली, आणि पहिल्याच सुट्टीत तिने जेवताना सांगितलं की तिचा ग्रुप एबी आहे. आईचा ए होता. आणि ती बापाच्या ताटाकडे बघत राहिली. सरांनी त्याच दुपारी शाळेच्या ग्रंथालयात विज्ञानाचं पुस्तक काढलं आणि बघितलं, आणि पुस्तक मिटून परत उघडून बघितलं. ओ रक्ताच्या बापाला एबीचं लेकरू होत नाही.

त्या एका क्षणी सांगून टाकायला हवं होतं. सांगायचं काय होतं — मी भित्रा आहे, एवढंच. पण त्यांनी घरी येऊन सांगितलं की लॅबवाल्यांच्या चुका होतात. पोरीने मान हलवली. तेव्हापासून ती फोनवर आईशी तासभर बोलते आणि बापाला जेवलात का एवढंच विचारते, आणि सुट्टीत आली की आईकडे मधूनच टक लावून बघते... ते बघणं सरांना दिसायचं. सुईच्या एका टोकाला भिऊन मी माझ्या बायकोला कुठं नेऊन उभं केलंय, असं मनात यायचं, आणि ते उठून कुणाला तरी गोळ्या द्यायला जायचे.

आणि काल निकिता घरी आली ती हे सांगतच, की यंदा शिबिराला त्यांच्या कॉलेजची मुलं आहेत, ग्रुप तपासायच्या टेबलावर तीच बसणार, आणि नियम म्हणजे नियम, राखीव असो की कुणी असो, सगळ्यांचं बोट टोचणार.

सरांनी बाटली पेटीत ठेवली. बायकोने डबा आणून दिला. राजेश्री कधी दारापर्यंत यायची नाही, आज आली, आणि स्कूटरला किल्ली लागायच्या आत म्हणाली, "आज बोट तुमचंच द्या."

बसस्टँड गेलं, जिनिंगची भिंत गेली, सरकीच्या वासातून स्कूटर गेली, आणि सर कुठे चाललो आहोत हे न बघता चालले होते. तुमचंच. म्हणजे हिला ठाऊक आहे. कधीपासून? लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला चंद्रभान घरी आला होता, चुलीपाशी बसून हिच्याशी बोलत होता, दोघं हसत होते — म्हणजे पंचवीस वर्षं? पंचवीस वर्षं ही बाई, मी पाहुण्यांना निगेटिव्ह रक्ताचं तत्त्वज्ञान सांगत असताना, चहा घेऊन येत होती आणि हसू गिळत होती? आणि ही दोन वर्षं? पोरगी टक लावून बघायची तेव्हाही? तिने एका शब्दात स्वतःला सोडवून घेतलं असतं. घेतलं नाही. वाट बघितली. सरांना राग आला, आणि राग येताच तो ठेवायला जागाच सापडेना.

सभागृहात खाटा मांडल्या होत्या. फोटोला हार, उदबत्ती, केळी, बिस्किटाचे पुडे. टेबलामागे पांढरा कोट घातलेली निकिता, आणि तिच्यासमोर सात माणसांची रांग. सर आठवे झाले. सातव्याच्या खांद्यावरून एक थेंब दिसला आणि पायाखालची फरशी किंचित तिरपी झाली.

चंद्रभान कोपरापाशी येऊन उभा राहिला. पुढच्या वर्षी तो रिटायर होणार; केस पिकले, उंची होती तेवढीच. तो तोंड न हलवता बोलला, "सर, देऊ का बोट? पोरगी लगेच खाली वाकून लिवायलीय, बघायची न्हाई."

आणि खरं सांगायचं तर सरांच्या मनात क्षणभर ते आलं. मनात आलं, आणि नेमका किती वेळ रेंगाळलं हे ते कधी कुणाला सांगणार नाहीत.

"नको," ते म्हणाले.

"तुमच्या वाटणीचंबी म्याच देऊन आलो आजवर," चंद्रभान म्हणाला. "रक्तासाठी तुमाला फोन यायचा, तुमी आजारी पडायचे, मग मला जावं लागायचं. तीनदा परभनीला, एकदा मानवतला. कुनाचं तरी काम झालं. पर आता वय झालं, सर." त्यात कसला टोमणा नव्हता. शाळेची घंटा किती वेळा दिली हे सांगावं तसं त्याने सांगितलं आणि खाटेकडे निघून गेला.

मग पुढे कुणीच नव्हतं.

"बोट," निकिता म्हणाली. मग वर बघून म्हणाली, "बाबा, खुर्चीवर बसा. डोळे मिटलेत तरी चालतंय."

सर बसले. डोळे मिटले. पोरीने त्यांचं बोट हातात घेतलं, पुसलं, आणि त्या गार ओल्या स्पर्शाबरोबर त्यांच्या तोंडून, मागे रांग असताना, दिनकरराव शेजारी उभे असताना, आपोआप निघून गेलं, "कार्डावरचं रक्त चंद्रभानचं आहे. मी पळून गेलो होतो."

बारीकसं टोचलं. एवढंच? — एवढ्यासाठी...

कुणीतरी मागे हसू दाबलं. दिनकरराव खोकले. काडी काचेवर घासल्याचा आवाज येत होता, आणि सरांना कळलं की आता डोळे उघडण्यावाचून गत्यंतर नाही. काचेवर तीन औषधांत मिसळलेले तीन थेंब होते. निळ्या औषधातला तसाच गुळगुळीत होता. पिवळ्यातला मात्र नासलेल्या दुधासारखा फुटून कणाकणाचा होत चालला होता, आणि तिसराही. बी पॉझिटिव्ह. रांगेतल्या पाचव्या आणि सहाव्या माणसाचा निघाला तोच. गावात ढिगाने सापडतो तो.

निकिताने खिशातून मोबाइल काढला आणि काचेचा फोटो घेतला. कुणाला पाठवलास, असं विचारायची गरज नव्हती. तिने लिहायला पेन टेकवलं, ते तिथेच धरून ठेवलं, आणि कापसावरून बापाचं बोट दाबलं — लागतं त्यापेक्षा जरा जास्त जोरात.

"दोन वर्षं, बाबा," ती म्हणाली.

मोबाइल वाजला. तिने बघितलं, नाक ओढलं. "आई विचारायलीय, डबा खाल्ला का म्हणून." आणि मान बाजूला काढून रांगेला म्हणाली, "पुढचे या."

सर भिंतीपाशीच्या बाकावर येऊन बसले. समोर खाटेवर चंद्रभान मूठ उघडमीट करत पडला होता. त्याच्या शेजारची खाट रिकामी होती, आणि तिच्यावर आपण झोपू शकू का हे सरांना खरोखर ठाऊक नव्हतं. संध्याकाळी घरी जायचंच होतं. राजेश्री दार उघडेल, काही बोलणार नाही, आणि बोलायला आपणच सुरुवात करावी लागेल. सुरुवात कुठून करायची हेही ठाऊक नव्हतं. लाज वाटत होती, भरपूर वाटत होती. आणि त्या लाजेच्या खालून काहीतरी विनाकारण बरं वाटत होतं, हसू येत होतं, डोकं दुखायचं कधी थांबलं ते समजलंच नव्हतं... गोळ्यांचा गुण असेल, असं एकदा मनात येऊन गेलं.

त्यांनी कापूस उचलून बघितला. मध्यभागी कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका. सर त्याच्याकडे बघत राहिले. फरशी जागेवर होती. मग, कुणी बघत नाही असं पाहून, आणखी एक थेंब येतो का ते बघायला त्यांनी बोट हळूच दाबलं.