राखेत जपलेली दाढ

धानाचं बियाणं राखावं तर एकोडीच्या तुलारामनेच, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तीन उन्हं दाखवायची, दाताखाली दाणा कट्‌कन वाजतो का पाहायचं, मग राख आणि कडुनिंबाचा पाला घालून डबा बंद. त्याच्या बियाण्याने कधी दगा दिला नाही. पुढचा घोळ झाला तो त्यामुळेच. शिकल्यासवरल्या माणसाच्या हातून तो झालाच नसता.

मागच्या वर्षी ग्रामपंचायतीत दातांचं शिबिर भरलं. साधना डॉक्टरने तुलारामच्या बायकोची, गोदावरीची, अक्कलदाढ काढली. गालात कापूस धरूनही गोदावरी गप्प बसणारी नव्हती. "आता हे फेकता का?" तिने विचारलं. डॉक्टर हसली. म्हणाली, दाढेच्या पोटात मऊ गर असतो, त्यात जिवंत मूळपेशी असतात, बियांसारख्या. त्यांच्यापासून पुढेमागे हाड, हिरड्या, कदाचित नसाही दुरुस्त करता येतील म्हणून संशोधन चाललंय. काही लोक त्या जपूनसुद्धा ठेवतात.

गोदावरीने दाढ मागून घेतली आणि घरी येऊन नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. "घ्या, लय बियाणं राखता ना? आता माही अक्कल राखा."

त्याने राखली. धुतली, तीन उन्हं दाखवली, राख घातली, पाला घातला.

दिवाळीनंतर सडा टाकता टाकता गोदावरी अंगणात पडली ती उठलीच नाही. मूलबाळ नव्हतं. तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि घर खायला उठलं. घरात बोलणारी तीच होती. चाळीस वर्षं याने नुसतं हूं म्हटलं होतं, आणि आता हूं म्हणावं असंही कोणी नव्हतं. अशात त्याला दाढेचा डबा आठवला. गोदावरी परत येत नाही हे त्याला कळत होतं, तो काही खुळा नव्हता. पण तिचं काहीतरी या घरात जिवंत आहे, एवढ्या आधारावर त्याने उन्हाळा काढला. सकाळी डबा हलवून पाही, मगच चहा ठेवी.

यंदा पुन्हा शिबिर आलं. त्याचा एक दात हलत होता, पण ते निमित्त. साधना डॉक्टरने दात काढून कागदात बांधून दिला, तेव्हा त्याने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

"माह्या बायकोची दाढ हाये, बाई. ते गेली. तुमच्या संशोधनाच्या कामी लावा. अजून जिवंत हाये."

डॉक्टरने झाकण उघडलं. बोटाने राख बाजूला सारून तिने दाढ पाहिली.

"बाबाजी, वाळवली का ही?"

"तीन उन्हं," तो ऐटीत म्हणाला.

"वाळवायची नसते हो. काढल्याबरोबर औषधी पाण्यात, थंड ठेवून, एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत न्यावी लागते. वाळली की आतल्या पेशी मरतात."

"पण बी त वाळवल्यानंच टिकते."

"ही बी नव्हती ना, बाबाजी. चूक माझी. मी बियांसारख्या म्हणाले."

त्याने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "काढली तवा होतं का काई जिवंत?"

नव्हतं असं खोटं सांगून त्याचं मन हलकं करता आलं असतं तिला. "असणार," ती म्हणाली. "त्या वयात थोडं असतं, पण असणार."

"हूं," तुलाराम म्हणाला.

घरी येऊन तो ओसरीवर बसला आणि डबा मांडीवर घेऊन जन्मात पहिल्यांदा बोलत सुटला. शिबिरात कोण कोण आलं होतं, दात काढताना किती दुखलं, डॉक्टरीण काय म्हणाली, सगळं सांगितलं. "मले वाळवण्याबिगर काईच येत नाही व, गोदा," तो म्हणाला, आणि रडला.

ओलं बी वाळल्या बियात मिसळू नये, हे तोच गावाला शिकवी. त्याने कागद सोडला, आपला ओला दात तिच्या दाढेशेजारी ठेवला आणि डबा बंद केला.