रुपयाच्या चकतीवरचा दोनचा छाप

आपल्या खिशात काय आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याच्याशी बोलायचं तरी काय, असं कृष्णकांत घरत म्हणायचे. आणि त्यांच्या मते अख्खं पनवेल त्यातच मोडत होतं.

गावाकडची जमीन प्लॉटिंगला गेल्यापासून त्यांना नोकरीची गरज उरली नव्हती. दोन गाळ्यांचं भाडं येई. सकाळी अंघोळ उरकून ते बाजारातल्या एका सहकारी बँकेत जात, नोटा देऊन सुट्ट्या नाण्यांची पाकिटं घेत आणि घरी खिडकीपाशी भिंग घेऊन बसत. टाकसाळीत चुकलेली नाणी ते शोधत. कुठे छाप सरकलेला, कुठे कड कापली गेलेली, कुठे एका बाजूचं चित्र दुसऱ्या बाजूला उलटं उमटलेलं. बहुतेक पाकिटं कोरडी जात. तपासलेली नाणी दुसऱ्या दिवशी बँकेत परत.

देवीच्या छापाचं पाचाचं नाणं लाखाला जातं असं कुठेतरी ऐकून लोक त्यांच्या दारात येत. "पाचाचे पाचच मिळतात. चहा प्या त्याचा," असं म्हणून ते दार लावून घेत. बायको, शांती, म्हणायची, "अहो, निदान आत तरी बोलवा." ते म्हणायचे, "कशाला? खुर्ची खराब करायला?"

दोन हजार सोळाच्या पावसाळ्यात दहाची नाणी खोटी आहेत अशी अफवा उठली. भाजीवाले घेईनात, रिक्षावाले घेईनात. सगळी बँकेत येऊन पडली. घरतांना आनंद झाला, पण त्याहून जास्त मजा वाटली ती हाताने नाणं उलटसुलट करूनही काही न दिसणाऱ्या माणसांची.

बँकेत कॅशला दिपिका भोपी नावाची मुलगी होती. नेऱ्याहून स्कूटीवर यायची. एक दिवस ती म्हणाली, "काका, मोजायचं मशीन आहे आमच्याकडे. तुम्ही घरी कशाला मोजत बसता?"

"मोजत नाही. बघतो." घरतांनी खिशातून दहाचं एक नाणं काढून काचेखालून सरकवलं. आतला पांढरा गोल एका बाजूला घसरून पिवळ्या कड्यावर चढला होता. "हे परवा तुमच्याच हातून आलंय. नोटा मोजायला डोळे लागत नाहीत म्हणा."

मागच्या रांगेतली माणसं हसली. दिपिकाने नाणं पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि परत दिलं.

त्यानंतर पाकिटं जास्तच कोरडी जायला लागली. साच्याला चीर गेल्यामुळे रेघ उमटलेलं साधं नाणंही मिळेना. घरतांना संशय आला, पण त्यांनी तो झटकला. त्या पोरीला काय कळणार?

गणपतीनंतर एका दुपारी, गर्दी ओसरल्यावर, दिपिकाने त्यांना बाजूच्या टेबलाशी बोलावलं. मिठाईच्या खोक्यात बरीच नाणी होती.

"तुमच्यामुळे लागलं हे वेड," ती जरा लाजून म्हणाली. "स्वतःचे पैसे भरून काढून ठेवलीत हं. जरा बघता का? कुठलं खरं, कुठलं नाही, मला समजत नाही."

घरतांनी खोकं ओढलं. एकेक नाणं बोटाने उडवत ते बोलत गेले. "हे गाडीखाली आलेलं. हे कुणीतरी हातोडीने ठोकलंय. हे ॲसिडात पडलंय. हे... हे नुसतं मळलंय हो. धुवा."

दिपिकाचा चेहरा उतरत गेला. घरतांना बरं वाटत होतं. असल्या कचऱ्यासाठी आपली पाकिटं हिने चाळली!

मग ते नाणं हाती आलं. आकार रुपयाचा. वर मात्र दोनचा आकडा, आणि भोवतीची अक्षरं अर्ध्यात कापलेली. दोनचा छाप चुकून रुपयाच्या चकतीवर पडला होता. असं नाणं घरतांनी फक्त फोटोत पाहिलं होतं.

 मागावं? मागितलं की हिला कळणार, की हिच्या खोक्यात असं काही आहे जे आपल्याकडे नाही. भोप्यांच्या ह्या पोरीपुढे हात पसरायचा? आणि ती शाखाभर सांगत सुटणार.

"हे कानशीने घासून लहान केलंय," ते म्हणाले.

"पण काका, घासलं असतं तर कडेला ओरखडे नसते का दिसले?"

"मला शिकवू नका. कचरा आहे सगळा. टाका गल्ल्यात." उद्या पाकिटात तेच आपल्याकडे येईल, असा त्यांचा हिशेब होता.

दिपिका लाल झाली. बँकेतली भाषा गळून पडली. "टाकतंय मंग. आमाला काय कलतंय."

ती खोकं घेऊन काउंटरवर गेली. तिथे दूध डेअरीवाला काशीराम सुट्ट्यांसाठी नोटा धरून उभा होता. तिने खोक्यातली रुपयाची नाणी मोजली, त्यात ते नाणंही गेलं, आणि सगळी त्याच्या पिशवीत ओतली.

"अहो, ते मी घेतो!" घरत पुढे धावले.

"कचरा ना तो?" दिपिका म्हणाली. काशीराम पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवून निघूनही गेला.

संध्याकाळी घरत डेअरीत पोचले. "काशीराम, तुझे सगळे सुट्टे दे. वर शंभर जास्त देतो."

काशीरामने त्यांच्याकडे नखशिखान्त पाहिलं. "सुट्टं कोन देतं सेट? आमी बँकेत रांग लावून आनलंय. धंदा कसा करायचा?"

मग घरतांनी दुधाच्या पिशव्या घ्यायला सुरुवात केली. एक पिशवी, सुट्टे परत. पुन्हा रांगेत उभं राहून दुसरी पिशवी. हाती आलेली नाणी ते तिथेच ओट्यावर चष्मा कपाळावर चढवून तपासत. काशीरामच्या ते ध्यानात आलं. रुपयाच्या ठिकाणी तो चॉकलेट द्यायला लागला.

"एवढं दूध कुठे ओतू?" शांती विचारायची. पातेली भरली, शेजारीपाजारी वाटून झालं. घरत खिशातून चॉकलेटं काढून ओट्यावर टाकत आणि खिडकीशी जाऊन बसत. नाणं मिळालं नाही. ते कधीच डेअरीतून निघून कुठल्या तरी रिक्षात, कुठल्या तरी दानपेटीत गेलं होतं.

काही आठवड्यांनी ते बँकेत गेले तेव्हा दिपिकाने मोबाइल काचेला लावला. त्या नाण्याचा फोटो होता.

"टाकायच्या आधी काढून ठेवला होता. नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर पाठवला. सगळे म्हणतात, खरं होतं. तुम्हाला कळलं नाही का?"

रांगेतली माणसं ऐकत होती. 'नाही कळलं' म्हणाले असते तर विषय तिथेच मिटला असता. पण ते शब्द घरतांच्या तोंडून निघेनात.

"मला पाहिल्याबरोबर कळलं होतं," ते म्हणाले. अडाणी ठरण्यापेक्षा खोटारडा ठरणं त्यांना परवडलं.

दिपिका रागावली असती तर त्यांना चाललं असतं. ती रागावली नाही. पायाखाली काय आलं ते पाहावं तसं तिने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "सुट्टे नाहीत," म्हणाली आणि पुढच्या माणसाची स्लिप घेतली. मागे पाकिटांची थप्पी दिसत होती.

घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदाच शांतीला सगळं सांगितलं. 

"मग त्या पोरीकडे सरळ मागायचं होतं. दिलं असतं तिने. फुकट दिलं असतं."

"तुला नाही कळायचं ते," घरत म्हणाले.

"नाहीच कळत," शांती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर निघून गेली.