सिमेंटच्या आतली भिंत

एलिसेओ पोस्टातून निवृत्त झाला आणि त्याच्या बायकोच्या, डेल्फिनाच्या डोक्याला नवा ताप सुरू झाला. कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवायचा आणि याने फोनवरची खूण बघत तो हुडकत हिंडायचं, साठी ओलांडलेल्या माणसाने! पण या खेपेला गाडीत आधी जाऊन बसली ती डेल्फिनाच. घरी थांबली असती तर वेड लागलं असतं तिला.

गावातल्या मातीच्या चर्चवर तिच्या बापाने तरुणपणी स्वतःच्या हाताने सिमेंटचा गिलावा चढवला होता. त्या सिमेंटने भिंती आतून ओल धरतात म्हणून यंदा डेल्फिनाने सगळ्यांच्या नाकावर टिच्चून तो खरवडून काढायला लावला, आणि आठवड्याच्या आत वेदीमागचा कोपरा ढासळला. मग काय, अख्खं गाव तुटून पडलं. "चर्च पाडलं हिनं!" उरलेलंही पाडायचं की काय, ते ठरवायला रविवारी बैठक होती. बापाने तर बोलणंच टाकलं होतं.

दोन डोंगर ओलांडल्यावर फोन किणकिणला. समोर एक बुटकं मातीचं चर्च, आणि बायका त्याच्या भिंतींवर हातांनी ओला चिखल थापत होत्या.

"डबा याच आवारात आहे बघ!" एलिसेओ चेकाळला.

"खड्ड्यात गेला तुझा डबा."

डेल्फिना तडक वेदीमागच्या कोपऱ्याकडे गेली. तो अजून लिंपायचा होता. तिथल्या मातीच्या विटा कोऱ्या, नव्या होत्या.

"हा कोपरा कधी बांधलात?" तिने शिडीवरच्या म्हातारीला विचारलं.

"पडला तेव्हा!" म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या. "सिमेंट काढलं आणि धाडकन खाली बसला. नवऱ्यानेसुद्धा शिव्या घातल्या मला."

डेल्फिना शिडीच्या आणखी जवळ सरकली. "मग काढायला नको होतं का?"

"अगं पोरी, आत भिंत होतीच कुठे? पाणी कोंडून नुसता लगदा झाला होता. वरचं सिमेंटचं टरफल तेवढं उभं. नसतं काढलं तर एखाद्या रविवारी प्रार्थना चालू असताना आमच्याच टाळक्यात पडला असता. तेवढा कोपरा नव्याने उचलला, बाकीच्या भिंती ठणठणीत आहेत. लाव ना हात!"

डेल्फिनाने हात लावला. भिंत कोरडी होती, घट्ट होती. ती तिथेच चिखलाच्या ढिगाशेजारी बसली आणि ढसाढसा रडली.

"सापडला!" म्हणत एलिसेओ डबा नाचवत आला आणि थबकला. "अगं, काय झालं?"

"काही नाही रे. सुटले मी! आपलं चर्च वाचतंय. फोन दे इकडे."

बापाने फोन उचलला, पण हूं की चूं केलं नाही. डेल्फिनाने एका दमात सगळं सांगून टाकलं. सिमेंटने पाणी कोंडलं, हे सांगताना मात्र तिचा आवाज खाली आला.

"पापा, ऐकताय ना?"



"रविवारी तू तोंड उघडू नकोस," म्हातारा म्हणाला. "सिमेंट मी लावलं होतं. मीच उभा राहून सांगतो सगळ्यांना. आणि हे बघ पोरी, त्या बायका चिखलात पेंढा किती घालतात, ते नीट विचारून ये."