थोरलीचा उतार

"एवढी धार घरातल्या सुरीला असती, तर कांदे तरी नीट चिरले गेले असते."

हे ती कोणालाच उद्देशून बोलली नव्हती. उजव्या हातावर मोजा चढवता चढवता, गिटारच्या कडेकडे बघत पुटपुटली होती. मोजा लोकरीचा, जुना, पंज्याकडून कापलेला. मनगटावरून सरकवत तो कोपरापर्यंत न्यायचा, मग गिटार मांडीवर घ्यायची, मग गाणी सुरू. ती शिशुवर्गाची बाई होती, आणि तिच्या वर्गातल्या चाळीस मुलांचा असा ठाम समज होता की मोज्याशिवाय गिटार वाजतच नाही.

पण घर आणि गिटारींचा कारखाना यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता, आणि पडद्यापलीकडे तिचा नवरा चहाचा कप विसळत उभा होता. त्याला सगळे मास्तर म्हणत. शिकवणं बायकोचं आणि मास्तर तो, याबद्दल तिने तक्रार करणं केव्हाच सोडून दिलं होतं.

"धार नाही ती," मास्तर पडद्यातून म्हणाले. "कड आहे."

"हो, कडच."

"कड असायचीच. कपाटाला असते, टेबलाला असते."

"टेबल मी मांडीवर घेऊन वाजवत नाही."

मास्तरांनी गिटारी करायला लागण्याआधी बारा वर्षं कपाटं, पलंग आणि शाळेची बाकं केली होती. लग्न ठरल्यावर त्यांना कळलं की होणारी बायको मैत्रिणीची गिटार मागून आणून वाजवते. तेव्हा कोणालाही न विचारता, एका जुन्या मासिकातल्या चित्रावरून त्यांनी तिच्यासाठी एक गिटार केली. हिच्यावर माणूस उभा राहिला तरी हिला काही होणार नाही, असं ते अभिमानाने सांगत. एकदा त्यांचा मेहुणा खरोखरच उभा राहिला. गिटारला काही झालं नाही, मेहुण्याचा पाय मुरगळला.

त्या गिटारला घरात थोरली म्हणत. दोन वर्षांनी मुलगी झाली, ती एकुलती एक असूनही धाकटी ठरली. आता ती तिशीला टेकली होती, कारखान्यातलं निम्म्याहून जास्त काम तिच्या हातावर चालत होतं, तरी धाकटी ती धाकटीच.

नव्या गिऱ्हाइकाला मास्तर थोरलीची गोष्ट सांगितल्याशिवाय सोडत नसत. गोष्ट संपत आली आणि गिऱ्हाईक आता "ऐकायला मिळेल का?" म्हणणार असं दिसलं, की धाकटीला नेमकी तेव्हाच करवतीचं मशीन चालू करायची निकड भासे. त्या घरघराटात मास्तर वाजवत, गिऱ्हाईक मान डोलावी आणि सगळं सुखरूप पार पडे. कशाच्याही उपयोगाच्या नाहीत अशा कापलेल्या पट्ट्यांचा एक ढीगच त्यातून कोपऱ्यात जमला होता.

यामागचं कारण घरात कोणी कधी बोललं नव्हतं. धाकटी दहा वर्षांची असताना एकदा म्हणाली होती, "आई, बाबांच्या बाकीच्या गिटारी कशा गुंजतात. मग थोरलीच दार ठोठावल्यासारखी का वाजते?" आईने तिच्याकडे असं काही बघितलं, की तो प्रश्न तिने जो गिळला तो आजतागायत वर येऊ दिला नव्हता. शाळेत काही अडत नव्हतं. चाळीस पोरं एकदम गायला लागली की कुठल्या गिटारचा आवाज कोणाला ऐकू येतो!

मोजा चढवून होईपर्यंत धाकटी कारखान्याचं कुलूप काढायला आली. तिने आधी आईच्या हाताकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि तिला काय वाटलं कोण जाणे, किल्ली टेबलावर ठेवून तिने सांगूनच टाकलं.

"बाबा, आईची दोन बोटं झोपतात. वाजवून झालं की तासतासभर जागी होत नाहीत. डॉक्टर म्हणाले, हातावर सारखा दाब पडतोय. एक तर गिटार बदला नाहीतर वाजवणं सोडा. ती मुख्याध्यापिकांना सांगूनही आली. हे सत्र संपलं की बंद."

मास्तर पडदा सारून बाहेर आले. हातात कप तसाच.

"मला कोणी बोललं नाही ते."

"बोलून काय होणार?" बायको म्हणाली. "तुम्ही म्हणाला असतात, कड आहे."

मास्तर बायकोकडे बघत राहिले. सकाळी सव्वासातला ही बाई गिटार पाठीला लावून फाटकातून निघते, हे त्यांच्या घड्याळापेक्षा पक्कं होतं. ती गिटारशिवाय निघाली तर फाटक तरी तिला ओळखेल का, असा काहीतरी विचार त्यांच्या चेहऱ्यावर होता. मग ते म्हणाले, "भिंतीवरची एखादी घेऊन बघ. ती मधली हलकी आहे."

"नको," ती घाईने म्हणाली. "मला हीच बरी."

धाकटीने कपाळाला हात लावला. महिनाभर ती आईला हेच सांगत होती आणि आईचं उत्तर ठरलेलं होतं. नवी घेतली की ह्यांच्या कानाला फरक कळणार. फरक कळला की पुढचं सगळं कळणार. त्यापेक्षा बोटं झोपलेली बरी.

"मग उतार करू," धाकटी म्हणाली.

हात जिथे टेकतो तिथली गिटारची काटकोनी कड तासून तिला तिरपा, गुळगुळीत उतार द्यायचा, एवढंच ते काम. नव्या गिटारींना धाकटी तो करून द्यायची. लोक मागून घेत. मास्तर त्याला 'आळशांची सोय' म्हणत.

"थोरलीला? आवाज जाईल तिचा."

एकमेकींकडे बघायचं नाही, हे मायलेकींनी एकाच क्षणी ठरवलं. त्यामुळे एक छताकडे बघू लागली आणि दुसरी मोज्याकडे.

"आवाजाला काही होणार नाही, बाबा."

"एवढ्या खात्रीने कशी सांगतेस?"

"अगदी छातीठोकपणे सांगते."

"एकतीस वर्षांचं लाकूड आहे ते. आवाज मुरलाय त्यात."

"मुरलाय खरा," बायको म्हणाली.

मास्तरांनी कप ठेवला. कानावरची पेन्सिल काढली. "मोजा काढ."

तिने मोजा काढला. कोपराच्या जरा खाली, हाताच्या मांसल भागावर एक आडवी खाच होती. लाल नव्हती. लालपणा केव्हाच गेला होता. आता ती हाताचाच एक भाग झाल्यासारखी दिसत होती. मास्तरांनी अंगठा तिच्यावरून एकदा फिरवला. लाकडाची कड तपासताना फिरवत, तसाच.

"ही कधीची?"

"तुमच्या थोरलीच्या वयाची."

तिला गिटार मांडीवर घ्यायला लावून त्यांनी खाचेच्या दोन्ही टोकांशी गिटारवर खुणा केल्या. चुकून एक रेघ तिच्या हातावरही उमटली. ती तशीच घेऊन ती शाळेत गेली.

शनिवारी काम काढलं. नुसती कड तासायची तर आरपार भोक पडणार, म्हणून आधी आतून लाकडाचा एक ठोकळा चिकटवायला हवा होता. आत शिरायला वाट एकच, गिटारच्या पोटावरचं गोल भोक. मास्तरांनी हात घालून बघितला. बोटांची पेरं सुजलेली, अर्ध्यावर अडकला. धाकटीला रंग आईचा मिळाला होता, पण पंजे बापाचे. तिचाही अडकला. मग दोघांनी तिसऱ्या हाताकडे बघितलं.

"डावा घालते," शिशुवर्गाची बाई बाही वर करत म्हणाली. "उजवा आत जाऊन झोपला तर काढणार कोण?"

थोरली आडवी, तारा काढलेली. मास्तरांच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा. सरस लावलेला ठोकळा बोटांत धरून तिचा हात मनगटापर्यंत आत गेला, मग आणखी पुढे.

"वर घे. अजून वर. अगं, तुझं वर नाही, गिटारचं वर."

"गिटारचं वर कुठे असतं?"

"तिची मान आहे तिकडे."

"मग मान म्हणा ना. अहो, हे आत आडवं काय लागतंय? पलंगाचा एखादा पाय उरला होता का तुमचा?"

गिटारच्या वरच्या पातळ फळीला आतून आधार द्यायला पट्ट्या असतात. धाकटी त्या पेन्सिलीएवढ्या बारीक करायची, फळी मोकळी थरथरावी म्हणून. मास्तरांनी आरसा जरा वळवला. काचेत त्यांच्या एकतीस वर्षांपूर्वीच्या पट्ट्या दिसल्या. एकेक दोन बोटं जाड, चौकोनी, कोपऱ्यांत नीट सांधलेली. पुस्तकांनी भरलेलं कपाट पेलायला केलेली. ते बराच वेळ आत बघत राहिले.

"मजबुतीसाठी आहेत त्या," शेवटी म्हणाले.

"मजबूत आहेच. माझ्या भावाला विचारा."

हात आत आहेच तर त्या पट्ट्या जरा तासून घेऊ या, हे वाक्य धाकटीच्या अगदी जिभेवर आलं. पण मग 'कशाला?' असा पुढचा प्रश्न आला असता. तिने तांब्याभर पाणी पिऊन टाकलं.

त्याच पट्ट्यांमुळे ठोकळा आवळायचा शिकंजाही आत वळेना. मग ठोकळा हातानेच दाबून धरायचा ठरलं.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"वीस?"

"हलू नकोस. हललीस की सरकला."

ती कोपरापर्यंत गिटारमध्ये अडकून, टेबलावर अर्धी वाकून उभी राहिली. पाचव्या मिनिटाला फोन वाजला, तो वाजून वाजून गप्प झाला. आठव्या मिनिटाला तिचं नाक खाजलं. मास्तरांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने खाजवून दिलं.

"डावीकडे. अजून. हां."

"माझं डावं की तुझं?"

"हसवू नका, सरकेल."

तो सरकला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी पटाशी आणि कानस पुढ्यात घेतली. धाकटी म्हणाली, "मी करते, बाबा, मला सवय आहे." मास्तर म्हणाले, "कड माझी आहे, मीच काढणार." त्यांनी दुपारभर तासलं. तीन वेळा थांबून त्यांनी बायकोला आतून बोलावून घेतलं, तिचा हात उतारावर ठेवून बघितला, परत पाठवलं. चौथ्यांदा ती कणकेच्या हातानेच आली आणि ओरडा खाऊन गेली. मग उतारावर काळसर लाकडाचा पातळ पापुद्रा बसला, तेल चढलं, आणि ज्याला ते आळशांची सोय म्हणत, त्याच्यावरून त्यांनी जाता-येता तीन दिवस बोटं फिरवली.

बुधवारी शाळेतून आल्यावर तिला स्टुलावर बसवलं. नव्या तारा, सूर लावलेले. मोजा घरातच राहिला. तिने थोरली मांडीवर घेतली, हात टाकला, तो उशीवर पडावा तसा उतारावर पडला. त्याबरोबर तिचे खांदे दोन बोटं खाली आले. ते तेवढे वरच असायचे असतात, असं इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतं.

"टोचतंय?"

"नाही."

"बोटं?"

"जागी आहेत."

ती वाजवू लागली. शिशुवर्गातलंच एक साधं गाणं, ज्यात मुलं मध्येच टाळ्या वाजवतात. टाळ्यांच्या जागी ती नुसती थांबायची. मास्तर दुसऱ्या स्टुलावर बसून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. गिऱ्हाईक नव्हतं, मुलं नव्हती. ठक, ठक, ठक असे थोरलीचे सूर टेबलाच्या पायाशी पडत होते. धाकटीने झाडू घेतला आणि स्वच्छ जागा झाडू लागली.

दोन कडवी झाली.

"आवाज बदलला का?" मास्तरांनी विचारलं.

"छे हो. होता तसाच आहे."

"जरासुद्धा नाही?"

"अजिबात नाही," धाकटी जमिनीकडे बघत म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?"

"होता तसाच," मास्तर म्हणाले. त्यांनी मान सरळ केली. "म्हणजे वाईट."

झाडू थांबला.

"वाईटच आहे," फळीतली गाठ दाखवावी इतक्या शांतपणे ते म्हणाले. "तिसरी गिटार केली तेव्हाच कळलं होतं मला. पण तू रोज सकाळी हिला घेऊन अशी निघायचीस…"

बायकोने वाजवणं थांबवलं नाही. टाळ्यांची जागा आली, तेवढी रिकामी सोडून तिने मान वर केली.

"फारच वाईट आहे हो," ती म्हणाली, आणि तिसरं कडवं घेतलं.