झोपू द्या म्हणणारे

शेजारची भुरीबाई ओट्यावर बसून हसत होती. तिची सून पडल्याचं ऐकून आलेल्या रंजीताचं ते पाहून डोकंच फिरलं.

"सून झोपली आमची," भुरीबाई म्हणाली. "दोनदा उलटी झाली. दिवस गेले वाटते."

"मोटारसायकलवरून पडली न ते?"

"मानोऱ्याहून येता येता, गतिरोधकावर. पन रगताचा थेंब नाई. डोक्याले जराकसं टेंगूळ आलं."

रंजीता सरळ घरात शिरली. उज्ज्वला खाटेवर पडली होती. हाक मारली तर डोळे उघडले, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा मिटले.

मागच्या उन्हाळ्यात रंजीताचा नवरा किशन असाच घरी आला होता. ट्रॉलीवरून पोती उतरवताना तो खाली पडला, डोकं दगडावर आपटलं. स्वतःच्या पायानं चालत आला आणि दारात ओकला. सासरा बाबूसिंग म्हणाला, "पिऊन आला. झोपू दे." किशननं जन्मात दारूला हात लावला नव्हता. रंजीता ओरडून सांगत राहिली, कोणी ऐकलं नाही. संध्याकाळी तो उठेना तेव्हा धावपळ सुरू झाली. अकोल्याच्या दवाखान्यात डोकं उघडून आत साकळलेलं रक्त काढलं. "दुपारीच आणायचं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाली.

किशन जगला. पण चहा पिऊन झाला की पुन्हा चहा मागायचा. शेजारी मिक्सर लागला की कान दाबून ओरडायचा, कधी ताट भिरकावायचा. मुलीचं नाव आठवलं नाही की रडायचा. अन् तांड्यातले लोक त्याला अजून बेवडाच म्हणायचे.

"रविकांत!" रंजीता अंगणात आली. "एकशे आठले फोन लाव. आत्ता."

उज्ज्वलाचा नवरा मोटारसायकलचा वाकलेला आरसा सरळ करत होता. "आराम करू दे न, वहिनी. उद्या दाखवतो."

"उद्या कोनाले दाखवशीन? मढ्याले?"

भुरीबाई उठली. "तुह्या घरी याड लागलं, ते आमच्या घरी कायले आनतं?"

"याड नाई ते!" रंजीताचा आवाज चिरकला. "डोक्याले मार लागला त्याच्या. आतून. बाहेरून दिसला नाई म्हनून तुमी सगळे हसले. मानूस ओकला त बेवडा, बाई ओकली त पोटुशी! डोकं आपटलं, हे काहून कोनाच्या ध्यानात येत नाई?"

रविकांत आईकडे पाहत राहिला. रंजीतानं त्याच्या खिशातला फोन ओढून घेतला आणि स्वतःच लावला. गाडी येईपर्यंत ती उज्ज्वलाच्या उशाशी बसून तिला नाव विचारत राहिली. शेवटी शेवटी उत्तर आलंच नाही. तेव्हा कुठं भुरीबाईनं हंबरडा फोडला.

अकोल्यात त्याच दिवशी ऑपरेशन झालं. वेळेत आणली म्हणून वाचली, असं डॉक्टर म्हणाले. पोटात बाळबीळ काही नव्हतं.

उज्ज्वला घरी आली, हळूहळू का होईना बोलायला लागली. मग भुरीबाई साडी-नारळ घेऊन रंजीताच्या दारात आली.

"तू देवी हायेस वं, माय."

"मले देवी म्हनू नका." रंजीतानं नारळाला हात लावला नाही. "तिथं बसले ते. त्याहिले सांगा काय सांगायचं ते."

भुरीबाई किशनसमोर उभी राहिली. "किशन, आमी तुले बेवडा म्हनत होतो. चुकलं आमचं."

किशन रंजीताकडे वळला. "कोन होय वं, रंजी, हे बाई?"

भुरीबाई पदरात तोंड लपवून निघून गेली. रंजीताला वाटलं होतं, हे ऐकून मन हलकं होईल. झालं नाही.

त्या आठवड्यात सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं तांडा जमला होता. भजनाआधी बाबूसिंग उठला. पाच माणसांत कधी न बोलणारा माणूस. "माह्या पोराले मीच झोपवलं," तो म्हणाला. "कोनाच्या डोक्याले मार लागला, अन् उलटी झाली, गुंगी आली, का बरळाले लागला, त रगताची वाट पाहू नका. दवाखान्यात न्या. मी नेलं नाई."

बोलून तो खाली बसला. शेजारची बाई रंजीताला म्हणाली, "आता त माफ कर म्हाताऱ्याले."

"बोलला ते बरं केलं," रंजीता म्हणाली. "पन माफ नाई होत मावशी माह्याच्यानं."

अन् शेजारच्या मिक्सरचा आवाज येण्याआधी घरी किशनजवळ पोचायला हवं म्हणून ती उठली.