मोठ्या हंड्यातला जॅम

सकाळपासून स्वयंपाकीणबाईंनी ओटा चार वेळा पुसला होता. पाचव्यांदा फडकं उचललं आणि स्वतःवरच खेकसल्या, "पुसून काय होणार? व्हायचं ते हंड्यात झालंय."

झालं होतं ते असं. शिलाई कारखान्याच्या मालकाच्या बागेत यंदा आवळे लगडले. काल तीन पेट्या कॅन्टीनला आल्या, फुकट. बदल्यात आठवडाभर बायांच्या न्याहारीतलं अंडं बंद. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. बाई मॅनेजरला म्हणाल्या होत्या, आंबट आहे, स्टीलच्या पातेल्यात थोडं थोडं शिजवते.

"दिवसभर गॅस जाळणार? त्या अ‍ॅल्युमिनियमच्या हंड्यात ओता सगळं!"

आणि वीस वर्षं शेगडीपुढे भाजून निघालेल्या या बाईनं हंडा चढवला. ओतलं. शिजवलेलं सकाळपर्यंत त्यातच राहिलं.

आता जॅम राखाडी पडला होता. हंडा आतून घासल्यासारखा चकाकत होता. जॅम जिभेवर टेकवावा तर नाणं चोखल्यासारखं.

"साखर घाला आणखी," मॅनेजर दारातून म्हणाला.

"साखरेनं धातू गोड होतो का?"

"त्यांना काय कळतंय? घड्याळ बघून गिळतात."

"मग तुम्ही घ्या एक चमचा."

"मला शुगर आहे."

"चहात तीन चमचे घेताना कुठे जाते ती?"

भोंगा झाला. रांगेत पहिली बाईंची नणंद, काज-बटणवाली. ताट पुढे करून म्हणाली, "वाढ ना वहिनी, जीव चाललाय भुकेनं!"

बाईंचा डाव हवेतच थांबला. मॅनेजर डोळे वटारून बघत होता. या वयात दुसरं स्वयंपाकघर कोण देणार?

"खाऊ नकोस," बाई म्हणाल्या. मग मोठ्यानं, "कुणीच खाऊ नका. हंडा उतरलाय यात. हुकूम याचा होता, पण शिजवलं मी. कळत असून शिजवलं."

"म्हणजे अंडंही नाही नि जॅमही नाही?" नणंद म्हणाली. "वा गं सुगरण!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"उद्यापासून दुसरी बघतो मी," मॅनेजरनं डाव हिसकावला. "चला, कोणाला वाढू?"

एकही ताट पुढे आलं नाही.

बाईंनी सुरी घेतली. ब्रेडचे तुकडे एक जाड, एक पातळ पडत होते, आणि नणंद ते तसेच कोरडे पुढे सरकवत होती.